नाही हो, पूर्ण गोल नाही फिरत!

घुबडाचा विषय काढायची खोटी, कुणीतरी म्हणणारच, "ते मान पूर्ण गोल फिरवतं ना?" नाही फिरवत! दोन्हीकडे साधारण 270 अंशांपर्यंत वळते, बस. तेवढं कमी आहे का? आपल्या मानेत 7 मणके, त्याच्या मानेत 14. आणि हौस म्हणून नाही वळवत ते बिचारं. डोळे नळीसारखे, खोबणीत घट्ट बसलेले, बुबुळ इकडचं तिकडे होत नाही. बाजूला बघायचं तर अख्खं डोकंच वळवावं लागतं. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता झोपेतही सांगेन.

बरं, हे पटवावं तर पुढचा प्रश्न तयार: "दिवसा आंधळं असतं ना?" अहो, पिंगळा भरदिवसा ढोलीच्या तोंडाशी बसून आपल्याकडे टकामका बघतो, वर डोकं खालीवर करून अंदाज घेतो. आंधळा म्हणे!

आणि डोक्यावरचे ते 'कान'? पिसांचे तुरे आहेत ते. खरे कान पिसांखाली, चेहऱ्याच्या कडेला. गव्हाणी घुबडाचा तर एक कान वर, एक जरा खाली, म्हणून मिट्ट काळोखात नुसत्या खसफशीवरून उंदीर नेमका कुठे आहे ते त्याला कळतं. हे सांगताना माझ्या अंगावर काटा येतो. समोरचा शांतपणे ऐकून घेतो, मान डोलावतो आणि विचारतो, "पण मग मान किती फिरते म्हणालात?"