झोंबीच्या मनगटावर पावणेबारा

दर शनिवारी रात्री जेवणं उरकली की मी कधी नाव न ऐकलेला एखादा झोंबीपट शोधून काढतो. 'आज तरी टरकेन' या आशेवर. बायकोनं या प्रकारातून केव्हाच अंग काढून घेतलंय. आई मात्र बसते. रविवारच्या बिरड्याचे वाल सोलायचे असतात आणि त्या कामाला डोळे लागत नाहीत, म्हणून डोळे टीव्हीला.

गेल्या शनिवारी पहिला झोंबी थडग्यातून वर आला. आधी बोटं, मग पंजा, मग मनगट. मनगटावर घड्याळ.

"चालू आहे का रे?" आईनं विचारलं.

सिनेमा थांबवून पाहिलं. पावणेबारा वाजले होते.

"बघ, मध्यरात्रच आहे," मी म्हणालो.

"मग सावल्या कसल्या पडल्यात? पापड वाळतील त्या अंगणात."

निळ्या रंगात बुडवलेली ती भर दुपार होती, हे मलाही दिसत होतं.

रेडिओवरचा माणूस सांगत होता, लाखो मेलेले शहरात शिरलेत. आम्हाला मिळाले पाच. त्यातला चौकड्यांच्या शर्टवाला गोळी खाऊन पडला, पुढच्या गल्लीत फावड्यानं पडला आणि मग गॅरेजच्या दाराशी पुन्हा हजर.

"हा मघाशी मेला ना?"

"झोंबी आहे, आई. मेल्यावरच येतात."

काटकसरीला इतकं चोख कारण दुसऱ्या कुठल्या सिनेमात मिळणार?

आता, पैसा नव्हता म्हणून सोडून द्यावं, तर तेही जमत नाही. जॉर्ज रोमेरोनं 1968 मध्ये 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' साधारण सव्वा लाख डॉलरच्या आत उरकला. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप. कृष्णधवल सिनेमात कोणाला कळतंय? पैसे घालणाऱ्यांत एक मांसविक्रेता होता, त्यामुळे आतडीसुद्धा घरचीच. तरी तो बघून मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात एकटा गेलो नव्हतो. 2008 च्या ब्रिटिश 'कॉलिन'चा खर्च तर 45 पौंड सांगतात. तेवढ्यात आमच्या सोसायटीची पूजासुद्धा होत नाही. म्हणजे माझं नशीबच फुटकं. (2022 साली 'झोंबिवली' पाहताना आई एकदा खरोखर दचकली होती. पण मावशी डोंबिवलीला राहते, म्हणून.)

असो. शेवटी गॅरेजचं दार तुटलं. पाचही जण गुरगुरत आत शिरले, नायिका किंचाळली, आणि कोपऱ्यातून एक तपकिरी कुत्रं धावत आलं. चौकड्यांच्या शर्टवाल्याकडे. शेपूट हलवत! हा लचके तोडायच्या पवित्र्यात आणि ते त्याच्या गुडघ्यावर पाय टेकवून उभं. त्यानं नायिकेकडे दात विचकत दुसऱ्या हातानं ते हळूच बाजूला सारलं. ते पुन्हा आलं. मग त्यानं, गुरगुरणं न थांबवता, त्याचा कान खाजवला.

आईचे हात थांबले.

"त्याचंच आहे ते," ती म्हणाली.

पुढे शहर जळालं, सरकारनं बाँब टाकला, नायिकेलाही बहुतेक कोणीतरी चावलं. मी बंद करायला रिमोट उचलला, तर आईनं हात धरला. "थांब. कुत्र्याला काही झालं का ते बघू दे."

श्रेयनामावली संपेपर्यंत आम्ही बसलो. कुत्र्याचं नाव होतं त्यात. आडनावासकट.