सील बनवता येत नसेल तर गोळ्या-बिस्किटं विका

म्हैसूरचा जावा-येझदी मोटरसायकलींचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. आणि माझ्या जुन्या येझदीसाठी परवा जे ऑइल सीलचं, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या शाफ्टभोवती बसणाऱ्या रबरी कड्याचं, पाकीट आलं त्यावर चमचमता होलोग्राम, खाली 'जेन्युइन पार्ट', आणि प्लास्टिक इतकं कोरं की उघडताना करकर वाजत होतं. कोणाला भैताड समजून राहिले बे तुम्ही? बंद कारखान्याचं भूत रात्री उठून पाकिटं पॅक करते काय?

एवढ्याशा रबरासाठी हा इतका का भडकला, असं ज्यांना वाटतं त्यांनी टू-स्ट्रोक इंजिन कधी खोललेलं नाही. त्यातलं क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालचा क्रँकशाफ्ट जिथं फिरतो ती पेटी, हा नुसता डबा नसतो. पेट्रोल आणि हवा आधी तिथं ओढली जाते, तिथंच दाबली जाते आणि मग वर सिलिंडरात जाते. क्रँकच्या दोन्ही टोकांची सीलं ही हवा धरून ठेवतात. क्लचकडचं गेलं की तिकडचं ऑइल आत ओढलं जातं आणि गल्लीभर पांढरा धूर. दुसरीकडचं गेलं तर त्याहून वाईट. बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोल कमी पडतं, आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असल्यामुळे ऑइलही कमी पडतं. रेस सोडली तरी गाडी किंचाळत राहते. तशीच दामटली तर पिस्टन सिलिंडरला चिकटलाच म्हणून समजा.

आता हे आलेलं सील पाहा. खरं सील लाकडी ठोकळा ठेवून, हातोडीनं गोल फिरवत फिरवत ठोकून बसवावं लागतं. हे अंगठ्यानं बसलं. करंगळीनं निघालंही. कॅलिपर, म्हणजे बारीक माप घ्यायचं अवजार, लावला तर बाहेरचा व्यास चांगला अर्धा मिलिमीटर कमी! आतली बारीक स्प्रिंग, जी रबराचा ओठ शाफ्टला दाबून धरते, ती नखानं हलवल्याबरोबर टेबलावर पडली. शाफ्ट घालून उजेडाकडे धरलं तर फटीतून पलीकडचं दिसत होतं.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, 'सर, आपण लावून पाहिलं म्हणजे वापरलं, वापरलेला माल परत होत नाही.' न लावता कसं कळणार रे बाप्पा? वास घेऊन? त्यातही 'आपल्या पिनकोडवर रिटर्न पिकअप उपलब्ध नाही' हे वर. कुरिअर आमच्या गावात येतच नाही. तालुक्याला जाऊन घ्या, तालुक्याला जाऊन परत करा, आणि तिथला पोरगा म्हणणार, 'सिस्टीम डाऊन आहे, उद्या या.'

गाडी आमच्या मोठ्या बाबांची. १९८३ ची येझदी रोडकिंग. ते जिनिंगमध्ये काट्यावर होते, आणि कपाशीच्या सीझनमध्ये रात्री उशिरा घरी येत तेव्हा दोन सायलेन्सरचा तो आवाज पांदणीपासून ओळखू यायचा. पुढं ती गोठ्यात पडून राहिली. फुकटात हातात आली म्हणून बांधायला घेतली असं नाही, मला ती चालवायची आहे. लग्नाच्या वरातीत फोटोला उभी करायची नाही.

दारव्ह्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो तेव्हा त्यांनी पान थुंकून सरळ सांगितलं, "नाई भेटत बावा. भेटन तं खोटं भेटन. कायले पैसा घालून रायला?" माझा या माणसावर राग नाही. नाही म्हणाला, चहा पाजला, विषय संपला. यवतमाळात दुकानदार नाही म्हणतच नाहीत. 'आहे ना भाऊ, बसा', मग पोरगा मागच्या बाजूला जातो, खोकी उचकतो, आणि कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचं सील आणून म्हणतो, 'थोडं घासून बसवा, होऊन जाते.' सील घासून? काकाजी, तुम्ही स्वतः घासून बसवता काय तुमच्या गाडीत?

बेअरिंगचं बरं आहे. त्यावर नंबर कोरलेला असतो आणि नंबर जुळला की विषय मिटतो. विहिरीवरच्या मोटारी बांधणाऱ्याकडे बसून निवांत चांगल्या कंपनीचं बेअरिंग घेता येतं. पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइलही कृषी केंद्रात मिळून जातं, कारण पेट्रोलवरचे बरेचसे फवारणी पंप टू-स्ट्रोकच आहेत. म्हणजे ज्या वस्तूची शेतीला गरज आहे ती अस्सल मिळते, कारण खोटी निघाली तर शेतकरी दुकानात येऊन काउंटर उलटा करतो. गाडीवाल्याचा असा धाक नाही. तो एकटा, चार जिल्ह्यांत विखुरलेला, वरून 'शौकीन' म्हणून हिणवलेला.

किकची दांडी हे आणखी एक दुखणं. येझदीला किक आणि गिअर एकाच दांडीवर. आत दाबून वर फिरवली की किक, परत खाली आणली की गिअर. त्यामुळे आतल्या दात्यांवर दुप्पट मार. नवी म्हणून आलेली दांडी इतक्या मऊ लोखंडाची की थोड्या दिवसांत दाते गुळगुळीत झाले, किक सटकली आणि नडगी सोलून निघाली. वर क्रोम मात्र आरशासारखं. तोंड पाहून घ्या आपलं, फसलेलं.

आणि सल्ले! "देऊन टाक ना भंगारात, काहून जीव जाळून रायला?" "दिल्लीला करोलबागेत सगळं भेटते." हो, जातो ना, सोयाबीन सोंगायचं सोडून जातो. "अरे आता येझदी परत आली, शोरूमात विचार." विचारलं, नागपुरात. २०२२ मध्ये नाव परत आलं हे मलाही माहीत आहे. पण ते ३३४ सीसीचं, पाण्यानं थंड होणारं फोर-स्ट्रोक इंजिन. त्याचा आतला पार्ट माझ्या टू-स्ट्रोकला काय लावू, कुंकू? सेल्समन पोरगं म्हणालं, "सर, जुनी एक्स्चेंजला द्या." तिथून उठून आलो, नाहीतर तोंडातून वाईट निघालं असतं.

सरकारचंही ऐका. २०२१ च्या नियमानं विंटेज म्हणवून घ्यायला गाडी ५० वर्षांची लागते. माझी २०३३ मध्ये होणार. तोवर ती वारसाही नाही आणि नवीही नाही. पाच-पाच वर्षांनी पासिंग करा, नवी नंबर प्लेट लावा, आणि पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल भरा, जे जुन्या रबराला फुगवतं आणि टाकीत पाणी धरतं. म्हणजे सीलं आणखी लवकर जाणार आणि मी पुन्हा त्याच होलोग्रामवाल्याच्या दारात.

खरा माल गेला कुठं? गेला भंगारात, किलोवर. तालुक्यातल्या जुन्या स्पेअरच्या दुकानांत फळीवर ग्रीस लावून, कागदात गुंडाळून ठेवलेले पार्ट होते. म्हातारा गेला, पोरांनी मोबाईलचं दुकान टाकलं, फळ्या रिकाम्या केल्या. काट्यावर लोखंड म्हणून चढले ते. उरलं ते मोठ्या शहरातल्या लोकांनी उचललं. एका टाकीसाठी अख्खी गाडी विकत घ्यायची आणि बाकीची कोपऱ्यात सडवायची, अशी माणसं पाहिली आहेत मी. वर म्हणणार, 'आम्ही वारसा जपतो.'

नकली पार्टनं नुसते पैसे बुडाले असते तर एक शिवी घालून गप्प बसलो असतो. पण ते अस्सल धातू खाऊन टाकतं. खोट्या सीलपायी पिस्टन चिकटून इंजिन सीझ झालं की सिलिंडर बोअर करा, म्हणजे आतून कापून मोठा करा, आणि त्या मापाचा ओव्हरसाईझ पिस्टन शोधा. मूळ बोअर, म्हणजे आतला व्यास, ६५ मिलिमीटर. दर वेळी पाव-पाव मिलिमीटर कापला जातो, आणि सिलिंडरची भिंत काही परत उगवत नाही. म्हैसूरच्या माणसांनी ओतलेलं ते लोखंड चाळीस वर्षं टिकलं, ते या भामट्यांच्या रबरानं दोन महिन्यांत खलास व्हायचं? कॉपी बनवा ना, कोण नाही म्हणते! पाकिटावर खरं नाव टाका, रबर कोणतं ते लिहा, माप लिहा आणि दोन पैसे जास्त घ्या. मी देतो.

सध्या इंजिन पाट्यावर उघडं पडलं आहे, वर गोणपाट झाकलेलं. उजवीकडचं सील हवं आहे. कोणाकडे असेल तर फोटो पाठवा, कॅलिपर लावलेला, आकडा दिसेल असा. पाकिटाचा फोटो नको.