‘लिथियम फॉस्फेट पेटतच नाही’ असं ऐकून कॅम्पर बांधू नका

कॅम्पर, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय केलेली गाडी, बांधणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरी कधीच पेटत नाही. आत बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवून गडबड दिसली की ती तोडणारं सर्किट असतं, म्हणून वेगळा फ्यूज नको. अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या जनित्राला ती थेट जोडा. बजेट नसेल तर घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर (शिसं-ॲसिडची) बॅटरी बेडखाली ठेवा. आग विझवायचा छोटा सिलिंडर घेतला की काळजी मिटली. हे वाचून लोक गाडीचं वायरिंग करतायत आणि रात्री त्याच गाडीत मुलाबाळांना घेऊन झोपतायत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘कधीच पेटत नाही.’ इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा एलएफपी बरीच सुरक्षित आहे, हे खरं. ती बिघडायला जास्त तापमान लागतं. पण 16 एप्रिल 2021 ला बीजिंगमध्ये एलएफपी बॅटऱ्यांच्याच वीज साठवण केंद्रात स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे दोन जवान गेले. बिघडलेला सेल स्वतः भडकला नाही, तरी त्यातून ज्वलनशील वायू निघतो आणि त्यात हायड्रोजनचं प्रमाण मोठं असतं. बंद जागेत तो साठला की एक ठिणगी पुरते. कॅम्परमधली बॅटरी त्या केंद्रापुढे अगदीच लहान, पण वायू तोच आणि जागाही बंदच.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. सेलच्या रसायनावर एवढी चर्चा होते की सेलबाहेर काय चाललंय ते कुणी बघत नाही. गाडीत इंडक्शन चालवायला 2000 वॉटचा इन्व्हर्टर बसवतात. 12 व्होल्टच्या बाजूला त्याला 170 अँपिअरच्या आसपास करंट लागतो. आता बॅटरीच्या टर्मिनलवरचा लग, म्हणजे केबलच्या टोकाचं धातूचं कडं बघा. वायरमनने तो हातोडीने ठोकून बसवला असेल, तर तारांमध्ये पोकळी राहते आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी ती वाढत जाते. समजा त्या सांध्यात फक्त एक मिलिओहम जादा रोध आला. 170 चा वर्ग गुणिले 0.001, म्हणजे जवळपास 29 वॉट उष्णता. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंग आयर्न 25 वॉटची असते आणि ती शिसं वितळवते. तेवढी उष्णता इथे प्लायच्या खोक्यात, गादीच्या फोमखाली तयार होत असते. आधी लगजवळचं केबलचं आवरण तपकिरी पडतं, मग कडक होऊन तडकतं.

आणि हे बीएमएसला दिसत नाही. त्याच्या दृष्टीने व्होल्टेज ठीक आहे, करंट ठीक आहे. फ्यूजही उडत नाही, कारण करंट मर्यादेतच आहे. यावर उपाय एकच: हायड्रॉलिक क्रिम्पिंग (दाबयंत्राने लग केबलवर आवळणं), 50 ते 70 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणि अर्धा तास पूर्ण लोड देऊन तपासणी. लोड बंद करून लगेच लगला हात लावा. हात ठेववत नसेल तर तो लग कापून टाका आणि नवा बसवा.

‘बीएमएस आहे, फ्यूज कशाला?’ बीएमएसमधले स्विच म्हणजे मॉसफेट. ते जळतात तेव्हा बरेचदा शॉर्ट होऊन, म्हणजे चालू अवस्थेतच अडकतात. नेमका धोका असताना तो रखवालदार दार उघडं टाकून बसलेला असू शकतो. शिवाय एलएफपीचा अंतर्गत रोध इतका कमी की शॉर्ट झाला तर काही हजार अँपिअर वाहतात. एवढा करंट साध्या फ्यूजला तोडता येत नाही, वितळलेल्या पट्टीच्या फटीतून आर्क, म्हणजे ठिणगीचा झोत चालूच राहतो. यासाठी क्लास टी फ्यूज असतात, त्यांची तोडण्याची क्षमता 20,000 अँपिअर. फ्यूज बॅटरीला लागून हवा. अमेरिकेत बोटींसाठी असलेल्या एबीवायसी मानकात हे अंतर साधारण 7 इंच धरतात, कारण बॅटरी ते फ्यूज एवढा केबलचा तुकडा कुणाच्याच संरक्षणाखाली नसतो.

‘अल्टरनेटरला थेट जोडा.’ रिकामी लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढत राहते. शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात कोंडीत अडकलात तर इंजिन आयडलवर, म्हणून अल्टरनेटरचा पंखाही मंद आणि लोड मात्र पूर्ण. अल्टरनेटर जळायला हे पुरेसं आहे. वर बॅटरी भरल्यावर बीएमएसने झटक्यात जोडणी तोडली, तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरमधले डायोड जातात, गाडीचं इलेक्ट्रॉनिक्सही जाऊ शकतं. मध्ये डीसी-डीसी चार्जर लावा, तो बॅटरीकडे जाणारा करंट आवरतो. स्पिती-लडाखला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी: शून्य अंशाखाली चार्जिंग बंद करणारा बीएमएस आहे का? गोठलेल्या सेलला चार्ज दिला तर आत लिथियम धातूचा थर चढतो आणि तो सेल कायमचा धोकादायक होतो.

‘घरची ट्यूब्युलर बॅटरी बेडखाली.’ हा सल्ला सगळ्यात वाईट. पन्नास-साठ किलोचं ते धूड, आत पातळ ॲसिड. जोरात ब्रेक लागला की सरकणार, कलली की सांडणार. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो 4 टक्के झाला की पेटू शकतो. जास्त चार्ज झाली तर कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. लोक तो गॅस गळतीचा समजून सिलिंडर तपासत बसतात. तसा वास आला तर शेगडी पेटवू नका, बटणांना हात लावू नका, दारं उघडा आणि आधी बाहेर पडा. हायड्रोजन वर चढतो, स्वयंपाकाचा गॅस खाली बसतो; म्हणून गाडीला छताजवळही झरोका हवा आणि फरशीलगतही.

राहिला तो आग विझवायचा छोटा सिलिंडर. पावडर ज्वाळा दाबते, सेलची उष्णता कमी करत नाही, म्हणून आग पुन्हा धरते. लिथियमला थंड करायला भरपूर पाणी लागतं, ते कॅम्परच्या टाकीत नसतं. जळत्या बॅटरीच्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात, तेव्हा विझवत बसू नका. बाहेर पडा, लांब जा, 112 ला फोन करा. आणि बॅटरी बेड आणि दार यांच्या मधोमध बसवलेली असेल, तर पुढच्या सहलीआधी तिची जागा बदला.