'आयएसओ १०० च्या वर जाऊच नका' म्हणणाऱ्यांनी आमच्या मुंजीचे फोटो बघावेत

'फोटोग्राफर लपवतात ती ५ गुपितं' असा एक फॉरवर्ड फिरतोय. मला तीन ग्रुपवर आला, तिन्हीकडे मी दुर्लक्ष केलं, तिथेच चुकलं. कारण तो मोठ्या भाच्यालाही गेला आणि त्याने तो मनावर घेऊन धाकट्याच्या मुंजीत वापरला. आता ताईकडे मातृभोजनाचा जो फोटो आहे त्यात केळीचं पान, चांदीची वाटी, लाडू सगळं एकदम शार्प (कॅमेरा ट्रायपॉडवर होता), आणि घास भरवणारा ताईचा हात म्हणजे नुसता धुराचा लोट. बटूचं तोंड कुठे आहे ते अंदाजाने ओळखायचं.

तर ही गुपितं: आयएसओ (मिळालेला प्रकाश कॅमेऱ्याने किती वाढवून दाखवायचा तो आकडा) कायम १००, अ‍ॅपर्चर एफ १६ (लेन्सचं भोक; आकडा मोठा तितकं भोक लहान), शटर १/१००० (सेकंदाचा हजारावा भागच उघडं), व्हाइट बॅलन्स (कोणत्या उजेडाला पांढरं धरायचं ते) सूर्याच्या चिन्हावर, आणि ऑटोला हात लावायचा नाही.

अहो, पहिली तीन एकत्र लावून तरी बघायची होती! जुना हिशोब आहे, फिल्मच्या काळापासूनचा: कडक उन्हात एफ १६ ठेवलं तर आयएसओ १०० ला शटर साधारण १/१०० लागतं. म्हणजे हे तिन्ही पाळले तर मे महिन्यात सोलापुरात भर दुपारीसुद्धा लागतो त्याच्या दहावा हिस्साच प्रकाश मिळणार. कार्यालयातल्या ट्यूबलाइटखाली काय होणार? काळाकुट्ट फोटो. तसाच आला. मग पोराने शटर कॅमेऱ्यावर सोपवलं, बाकी दोन गुपितं तशीच ठेवली, आणि कॅमेऱ्याने बिचाऱ्याने इमानदारीत शटर २ सेकंद उघडं ठेवलं. दोन सेकंदात ताईने घास उचलून भरवून हात खाली पण आणला असेल.

त्याला मी बसून दाखवलं. एफ १६ वरून ११, ८, ५.६, ४ असं चार पायऱ्या खाली ये, प्रत्येक पायरीला प्रकाश दुप्पट, म्हणजे २ सेकंदांचे १/८ झाले. आता आयएसओ १०० चा २००, ४००, ८००, १६०० कर, अजून चार पायऱ्या, १/१२५ वर आलास. हात थांबला. दाणे (फोटोतले खरखरीत ठिपके) दिसतील थोडे, दिसू देत, आजी काय फोटो झूम करून दाणे मोजणारे का? आणि दाणे येतात ते मुळात प्रकाश कमी पडल्यामुळे, आयएसओ वाढवल्यामुळे नाही. १०० वर अंधारा फोटो काढून नंतर मोबाइलवर उजळलात तरी ते येतातच, बऱ्याचदा जास्तच घाण दिसतात.

बरं, खरं आहे तेवढं मान्य करतो. भरपूर ऊन आहे, किंवा ट्रायपॉडवर डोंगर-देऊळ काढताय, तर १०० च बेस्ट. डोंगर घास भरवत नाही.

एफ १६ च्या बाजूने फॉरवर्डमध्ये दाखला काय, तर अमेरिकेतल्या मोठमोठ्या फोटोग्राफरनी आपल्या ग्रुपचं नावच एफ ६४ ठेवलं होतं. ठेवलं होतं ना, १९३२ साली, अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम वगैरे मंडळी. पण त्यांच्यातले लोक ८ बाय १० इंचाच्या फिल्मवर काम करायचे, वहीच्या पानाएवढी फिल्म! भाच्याच्या कॅमेऱ्यातला सेन्सर (फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारी चिप) जेमतेम २४ बाय १६ मिलिमीटर. तेवढ्या मोठ्या फिल्मवर एफ ६४ ला जितकं पुढचं-मागचं शार्प येतं तितकं याच्या कॅमेऱ्यावर एफ ५.६ लाच येतं, फिल्म आणि सेन्सरच्या कर्णांचं गुणोत्तर काढून बघा, सव्वाअकरा पट निघतं. म्हणजे ज्यांचा दाखला दिलाय त्यांचंच गणित फॉरवर्डच्या विरुद्ध जातं. उलट एवढ्या लहान सेन्सरवर एफ १६ ला भोक इतकं बारीक होतं की प्रकाश कडांशी पसरतो आणि अख्खा फोटो किंचित मऊ पडतो.

१/१००० बद्दल अजून एकच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाल्या ट्यूबा आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. एवढ्या वेगवान शटरला फोटोत आडवे काळपट पट्टे येऊ शकतात, मग लोक म्हणतात कॅमेरा बिघडला.

व्हाइट बॅलन्सवर काय बोलायचं, पिवळ्या बल्बखाली सूर्याचं चिन्ह ठेवलं की पांढरं उपरणं हळदीत बुडवल्यासारखं दिसतं, बास. आणि ऑटोला हात लावायचा नाही म्हणे. त्याच घासाचा फोटो आत्याने मोबाइलवर काढला होता, काहीही सेट न करता. डिटेल्स उघडून बघितले तर एफ १.८, १/१००, आयएसओ २५०. हात स्वच्छ, बटूचा आ वासलेला, मागे गुरुजी घड्याळ बघतायत. ताईने तोच फ्रेम करायला दिलाय.