शवपेटी नंतर आली

आईला माझ्या टेबलासमोरचा प्रिंट अजिबात आवडत नाही. "घरात मसण कशाला लावून ठेवलंयस?" आली की पहिलं वाक्य हेच.

चित्र आर्नोल्ड बोकलिनचं, 'मृतांचं बेट'. हलायचंच विसरलेलं काळं पाणी, उभे कातळ, मधोमध सायप्रसची गच्च काळोखी रांग (कोकणातल्या माणसाला आधी सुरूचं बन आठवेल) आणि बेटापाशी एक होडी. होडीत वल्हवणारा, पांढऱ्या वस्त्रात गुरफटलेली पाठमोरी आकृती आणि तिच्यापुढे आडवी शवपेटी.

गंमत अशी की ती पेटी आधी चित्रात नव्हतीच. १८८० मध्ये मारी बेर्ना नावाची एक विधवा बोकलिनच्या फ्लॉरेन्सच्या स्टुडिओत गेली. नवरा जाऊन १५ वर्षं झालेली. तिथे हे चित्र अर्धवट अवस्थेत होतं. तिने तसंच एक स्वतःसाठी मागितलं, आणि मागणी काय, तर बघता बघता स्वप्नात शिरता यावं! पेटी आणि ती पांढरी आकृती बोकलिनने तिच्यासाठी घातली, मग मूळ चित्रातही. पुढे या बाईने दुसरं लग्नही केलं. म्हणून मला हे चित्र सुतकी वाटतच नाही. रडून झाल्यावर, गेलेल्या माणसाजवळ घटकाभर बसायला जागा हवी असते, ती ही.

मृत्यू म्हणजे सांगाडा, हे बोकलिननेही करून पाहिलं होतं. १८७२ च्या आत्मचित्रात मृत्यू त्याच्या कानाशी व्हायोलिन वाजवतो. माझ्या मते ते जरा नाटकीच. बेटावर सांगाडा नाही, रडारड नाही, वाराही नाही, आणि तरी नजर हलत नाही. आपण 'पैलतीर' म्हणतो ना, तो रंगवायचा तर असाच. त्याच्या स्टुडिओजवळच्या इंग्लिश दफनभूमीत त्याची तान्ही मुलगी पुरलेली होती. सायप्रस तिथेही आहेत.

१८८६ पर्यंत त्याने हे बेट पाच वेळा रंगवलं. चौथं दुसऱ्या महायुद्धात नष्ट झालं, त्याचा फक्त कृष्णधवल फोटो उरलाय. रखमानिनोव्ह या रशियन संगीतकारालाही या चित्रावरची सुरावट सुचली ती कृष्णधवल प्रत बघूनच.

माझा प्रिंट तिसऱ्याचा, १८८३ चा, मूळ बर्लिनला आहे. त्यात उजवीकडच्या कातळात कोरलेल्या एका थडग्याच्या दारावर बोकलिनने स्वतःची आद्याक्षरं घातलीत, ए. बी. परवा आईला ती दाखवली. चष्मा लावून, अगदी नाक टेकवून तिने बघितलं.

"म्हणजे याने आपली खोली आधीच बुक करून ठेवली होती की!"

प्रिंट अजून तिथेच आहे.