बेन्झीनमधले बंध उड्या मारत नाहीत

अकरावी-बारावीच्या नोट्समध्ये आणि एका मिनिटाच्या व्हिडिओंमध्ये रेझोनन्सची, म्हणजे एकाच रेणूसाठी अनेक आकृत्या काढण्याच्या पद्धतीची, एक व्याख्या वर्षानुवर्षे फिरते आहे. शब्द थोडेफार बदलतात, दावे तेच राहतात. बेन्झीन या सहा कार्बनच्या कड्याच्या रेणूमधले दुहेरी बंध इतक्या वेगाने जागा बदलतात की ते आपल्याला पकडता येत नाहीत. आकृत्यांमधला दोन टोकांचा बाण हीच अदलाबदल दाखवतो. जितक्या जास्त आकृत्या, तितका रेणू स्थिर. प्रत्येक आकृतीत रेणू सारखाच वेळ घालवतो. आणि आकृतीवर प्रभार लिहिले नाहीत तरी काही बिघडत नाही.

हे पाचही दावे चुकीचे आहेत आणि त्यांचे मूळ एकच आहे: आपल्या लेखनपद्धतीची अडचण रेणूच्या माथी मारली जाते. १९१६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लुईसने इलेक्ट्रॉनच्या जोडीची कल्पना मांडली, तेव्हापासून दोन अणूंमधली एक रेघ म्हणजे त्या दोघांनी वाटून घेतलेले दोन इलेक्ट्रॉन असे आपण वाचतो. बहुतेक रेणूंना ही पद्धत छान पुरते. पण काही रेणूंत इलेक्ट्रॉन तीन, चार किंवा सहा अणूंवर पसरलेले असतात आणि तशी रेघ आपल्याकडे नाही. म्हणून आपण दोन-तीन आकृत्या काढतो आणि त्या एकत्र वाचायला सांगतो. रेणू एकच असतो आणि त्याची रचनाही एकच असते. आकृत्या अनेक लागतात त्या आपल्याला.

‘बंध वेगाने जागा बदलतात’

हा दावा कुणाच्या तरी आळशीपणातून आलेला नाही, त्याला मोठा इतिहास आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुलेने १८६५ मध्ये बेन्झीनसाठी सहा कार्बनचे कडे सुचवले. पुढे त्यात एकाआड एक दुहेरी बंध दाखवले गेले आणि लगेच अडचण आली. शेजारच्या दोन कार्बनवर दोन क्लोरिन बसवले, तर दोन वेगळी संयुगे मिळायला हवीत: एकात त्या दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध, दुसऱ्यात एकेरी. प्रयोगशाळेत मात्र एकच संयुग मिळत होते. लाडेनबुर्ग या रसायनशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये नेमके यावर बोट ठेवले. त्याला उत्तर म्हणून केकुलेने १८७२ मध्ये सांगितले की बंध स्थिर नसतात, ते सतत अदलाबदल करतात. इलेक्ट्रॉनचा शोध अजून पंचवीस वर्षे दूर होता. त्या काळात त्याहून चांगले उत्तर देणे अवघडच होते. आज मुलांपर्यंत जी व्याख्या पोचते ती हीच १८७२ ची कल्पना आहे, फक्त तिच्यावर रेझोनन्सचे नाव चिकटवले आहे.

मग ती नाकारायची कशाच्या जोरावर? पहिला पुरावा बंधांच्या लांबीचा. कार्बन-कार्बन एकेरी बंध साधारण १५४ पिकोमीटर (मीटरच्या एक लाख कोटी भागांपैकी एक भाग म्हणजे पिकोमीटर), दुहेरी १३४. बेन्झीनमधले सहाही बंध १३९-१४० च्या आसपास, सगळे सारखे. कॅथलीन लॉन्सडेलने १९२९ मध्ये हेक्झामिथाइलबेन्झीनच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून हे कडे सपाट आणि नियमित असल्याचे दाखवले. पण क्ष-किरणांना सरासरी चित्र दिसते, आतली धावपळ त्यात लपू शकते, हा आक्षेप कुणी घेतला तर तो रास्त आहे. त्यामुळे इथे थांबता येत नाही.

खरा निकाल ऊर्जा लावते. सायक्लोहेक्झीनमध्ये एकच दुहेरी बंध असतो. त्याला हायड्रोजन जोडला की प्रत्येक मोलमागे (रेणूंची ठरावीक संख्या म्हणजे एक मोल) सुमारे १२० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तीन दुहेरी बंध असलेल्या कड्यातून सुमारे ३६० अपेक्षित आहे. बेन्झीन देतो २०८ च्या आसपास. म्हणजे बेन्झीन मुळातच सुमारे १५० किलोज्यूलने खाली, अधिक स्थिर अवस्थेत बसलेला आहे. आता विचार करा: रेणू नुसता दोन केकुले-रूपांमध्ये ये-जा करत असता, तर कोणत्याही क्षणी तो त्यांपैकी एका रूपात असता आणि त्याची ऊर्जाही त्या रूपाचीच असती. कितीही वेगाने जागा बदलल्या तरी त्यातून दीडशे किलोज्यूलची बचत होत नाही. ही बचत इलेक्ट्रॉन एकाच वेळी सहाही अणूंवर पसरल्यामुळे होते.

वेगाचा मुद्दा उरतो, त्याला रामन वर्णपट, म्हणजे रेणूंवरून विखुरलेल्या प्रकाशाचा वर्णपट, उत्तर देतो. सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात १९२८ मध्ये शोधलेला हाच तो परिणाम. ज्या रेणूला सममितीचे केंद्र असते, म्हणजे मध्यबिंदूच्या आरपार प्रत्येक अणू आणि बंधासमोर तसाच अणू आणि बंध असतो, त्याचे जे कंपन रामन वर्णपटात दिसते ते अवरक्त वर्णपटात दिसत नाही. एकाआड एक लांब-आखूड बंध असलेल्या कड्याला असे केंद्र नसते, नियमित षटकोनाला असते. बेन्झीनचे वर्णपट नियमित षटकोनाच्या बाजूने साक्ष देतात. आणि ही कंपने अतिशय जलद असतात: सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागात ती अनेकदा होतात. इतक्या बारीक वेळातही एकाआड एक बंधांचे कडे सापडत नाही.

बंध खरोखर जागा बदलतात तेव्हा ते कसे दिसते, हेही आपल्याला ठाऊक आहे. सायक्लोऑक्टाटेट्राईनच्या आठ कार्बनच्या कड्यात दुहेरी बंध सुमारे १३४ पिकोमीटरचे आणि एकेरी १४७ च्या आसपास असतात. हा रेणू सपाट नाही, टबसारखा वाकलेला असतो. त्यातले बंध खरेच अदलाबदल करतात, पण त्यासाठी कड्याला आधी सपाट व्हावे लागते, अणूंना सरकावे लागते आणि ऊर्जेचा चढ ओलांडावा लागतो. तिथे इक्विलिब्रियमचा, म्हणजे समतोलाचा, बाणच योग्य आहे.

‘दोन टोकांचा बाण म्हणजे अदलाबदल’

दोन उलट दिशांचे बाण म्हणजे इक्विलिब्रियम, तिथे दोन वेगळे पदार्थ असतात. एका रेघेवर दोन टोके म्हणजे रेझोनन्स, तिथे पदार्थ एकच. ॲसिटिलॲसिटोनमध्ये कीटो आणि इनॉल ही दोन रूपे खरी आहेत, हायड्रोजनचा अणू एका जागेवरून दुसरीकडे जातो आणि एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत टिपणाऱ्या चाचणीत) दोन्हींचे संकेत वेगवेगळे दिसतात. कसोटी सोपी आहे: दोन आकृत्यांमध्ये एखादा अणू हलला असेल, तर तो रेझोनन्स नव्हे.

‘जितक्या जास्त आकृत्या, तितकी स्थिरता’

परीक्षेत सर्वांत जास्त गुण घालवणारा दावा बहुधा हाच. आम्लाने हायड्रोजन सोडल्यावर उरणारा आयन जितका स्थिर, तितके आम्ल तीव्र. फिनॉलपासून उरणाऱ्या फिनॉक्साइड आयनाच्या पाच आकृत्या काढता येतात, ॲसिटिक आम्लापासून उरणाऱ्या ॲसिटेटच्या फक्त दोन. या नियमाने फिनॉल हे ॲसिटिक आम्लापेक्षा तीव्र आम्ल ठरायला हवे. प्रत्यक्षात ॲसिटिक आम्लाचा पीकेए (हा आकडा जितका लहान तितके आम्ल तीव्र) ४.७६ आहे आणि फिनॉलचा सुमारे १०, म्हणजे ॲसिटिक आम्ल लाखाहून अधिक पटींनी तीव्र. कारण आकृत्यांच्या दर्जात आहे. ॲसिटेटच्या दोन्ही आकृत्यांत ऋण प्रभार ऑक्सिजनवर आहे आणि दोन्ही एकमेकींशी तंतोतंत समान आहेत. फिनॉक्साइडच्या पाचांपैकी तीन आकृत्यांत तो कार्बनवर जातो आणि कड्याची बेन्झीनसारखी मांडणीही मोडते.

सायक्लोब्युटाडाईन तर या नियमाला पूर्णच खोटे पाडतो. बेन्झीनसारख्याच दोन समान आकृत्या त्याच्याही निघतात, तरी तो कमालीचा अस्थिर आहे. अतिशय थंड, निष्क्रिय माध्यमात अडकवून ठेवला तर टिकतो आणि त्याचा आकारही चौरस नाही, आयताकृती आहे. आकृत्या मोजून स्थिरता ठरत नाही.

‘प्रत्येक आकृतीत सारखाच वेळ’

वेळेचा इथे संबंधच नाही, आणि खऱ्या रचनेतला वाटाही सगळ्या आकृत्यांचा सारखा नसतो. आकृत्या समान असतील तेव्हाच वाटा समान. ओझोनचे दोन्ही बंध सुमारे १२८ पिकोमीटरचे असतात, हायड्रोजन पेरॉक्साइडमधल्या एकेरी बंधाच्या १४८ आणि ऑक्सिजन रेणूतल्या दुहेरी बंधाच्या १२१ च्या मध्ये. कार्बोनेटमध्ये तीन समान आकृत्या, म्हणून प्रत्येक बंध एक पूर्णांक एकतृतीयांश.

अमाइडमध्ये, म्हणजे एकाच कार्बनला ऑक्सिजन आणि नायट्रोजन जोडलेल्या गटात, मात्र आकृत्या असमान असतात. नायट्रोजनवर धन आणि ऑक्सिजनवर ऋण प्रभार असलेल्या आकृतीचा वाटा कमी, तरीही तिचा परिणाम प्रचंड. कार्बन-नायट्रोजन एकेरी बंध सुमारे १४७ पिकोमीटर असतो, अमाइडमध्ये तो १३३ च्या आसपास येतो. तो सहज फिरत नाही, म्हणून डायमिथाइलफॉर्मामाइडचे दोन मिथाइल गट खोलीच्या तापमानाला एनएमआरमध्ये वेगवेगळे दिसतात. प्रथिनांमधला पेप्टाइड बंधही अमाइडच आहे आणि त्याचा सपाटपणा इथूनच येतो. पॉलिंग आणि कोरी यांनी १९५१ मध्ये अल्फा हेलिक्सची, म्हणजे प्रथिनांच्या मळसूत्री साखळीची, रचना मांडली ती हा सपाटपणा गृहीत धरून. मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये प्रथिनांच्या साखळीतले शक्य कोन नकाशावर मांडले, तेव्हाही पेप्टाइडचा भाग सपाट धरल्यामुळेच प्रत्येक दुव्यामागे दोनच कोनांचा हिशेब उरला. दुय्यम म्हणून वहीच्या कडेला ढकललेल्या आकृतीवर जीवशास्त्राचा इतका मोठा भाग उभा आहे.

‘प्रभार लिहिले नाहीत तरी चालते’

चालत नाही. नायट्रोमिथेनमध्ये नायट्रोजनला दोन्ही ऑक्सिजनशी दुहेरी बंध जोडलेली आकृती अनेक वह्यांत दिसते. त्यात नायट्रोजनभोवती पाच बंध होतात, पण त्याच्या बाहेरच्या कवचात बंधांसाठी चारच कक्षक (इलेक्ट्रॉनच्या एकेका जोडीच्या जागा) आहेत. प्रभार लिहायची सवय असेल तर ही चूक होतच नाही. नायट्रोजनला चार बंध आणि अधिक चिन्ह, एका ऑक्सिजनला दुहेरी बंध, दुसऱ्याला एकेरी बंध आणि उणे चिन्ह. मग वक्र बाणाने उणे चिन्हाच्या ऑक्सिजनवरची एक जोडी बंधात आणायची, समोरच्या दुहेरी बंधातली एक जोडी त्याच्या ऑक्सिजनवर न्यायची, की दुसरी आकृती तयार. दोन्हींत अणू जागच्या जागी, एकूण इलेक्ट्रॉन तेवढेच आणि एकूण प्रभार शून्य. यातले एक जरी जुळले नाही, तर ती आकृती खोडून पुन्हा काढावी.