टेप घ्या, मग गणपती सांगा

यंदा गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, पाट द्यायला जाल, तेव्हा खिशात मोजायची टेपही असू द्या. २०२० साली, कोरोनात, घरचा गणपती २ फूट, मंडळाचा ४ फूट असा हुकूम होता. पुन्हा कधी निघेल, नेम नाही. मोजताना पाट धरू नका, मुकुट धरा. शाडू ओला असताना इंचभर जास्त भरला तरी घाबरू नका, वाळताना माती आकसते आणि देव आपसूक कायद्यात येतो. मात्र घाईने उन्हात ठेवलात, तर वरचा थर सुकतो, आतला ओलाच राहतो आणि तडा नेमका सोंडेला जातो. तुटक्या सोंडेला परवानगी कोण देतो, ते विचारून ठेवा.

अगदी बिनधोक नमुना हवा असेल तर बांद्यापलीकडे बघा. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगिजांचं धर्मन्यायालय, १५६० मध्ये बसलं, ते १८१२ पर्यंत काही पुरतं उठलं नाही. लोकांनी मूर्तीऐवजी पत्री पुजली, कागदावरचा गणपती पुजला; काही घरांत अजून तोच आहे. उंचीची कटकट नाही, तडा नाही, आणि दारावर थाप पडली तर घडी करून फडताळात.

मुंबईहून कोकणात येणाऱ्या चाकरमान्यांनी तर पंचांगच बदलावं. २०२० ला चतुर्थी २२ ऑगस्टची, पण घरी पोचायचं १२ तारखेच्या आत आणि १० दिवस खोलीत बसायचं. उशीर झाला तर ४८ तासांच्या आतला चाचणीचा अहवाल. माटवीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीसाठी, हरणं, कांगलं, कवंडळं ही रानफुलं-फळं आणायला रानात कोण जाणार, हा प्रश्न खिडकीतूनच सोडवायचा. आधाराला कायदा १८९७ चा, प्लेगातला. जुनी भांडी आम्हीही टाकत नाही.

भजनाची बारी रात्री १० ला रंगात येते, ही बुवांची चूक. स्पीकर १० ला बंद. वर्षात फार तर १५ दिवस १२ पर्यंत सूट मिळते, तेव्हा गजर त्या तारखा बघून लावा.

विसर्जन बादलीत करणार असाल तर पाणी मुकुटावर चार बोटं ठेवा आणि ढवळू नका. रात्रभरात शाडू विरघळतो, सकाळी गाळ माडाच्या आळ्यात. पीओपीचा असेल तर मात्र ६ फुटांहून उंचच घ्या: हायकोर्टाच्या २०२५ च्या आदेशात ६ फुटांपर्यंतचे कृत्रिम तळ्यात, त्यावरच्यांना समुद्र मोकळा होता. म्हणून सुताराला आत्ताच दोन पाट सांगा, एक २ फुटीचा, एक ६ फुटीचा. आणि घराचा दरवाजाही मोजून घ्या.